अधिसेविकेच्या खुर्चीआधीचे शिक्षण : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्ड सिस्टर), सहायक अधिसेविका आणि अधिसेविका (मेट्रन) ही शासकीय रुग्णालयांतील आमची पदांची शिडी आपणास ठाऊक आहेच. ती मी सेवाज्येष्ठतेने चढले आणि सहायक अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. परिसेविका झाले त्या सकाळी माझ्या हाती किल्ल्यांचा जुडगा, डेड स्टॉक रजिस्टर (वॉर्डातील टिकाऊ सामानाची नोंदवही) आणि ड्यूटीचा कोरा तक्ता आला. शीर शोधायला शिकले तेव्हा शेजारी कोणीतरी उभे होते. तक्ता भरताना मात्र कोणीही नव्हते. व्यवस्थापनाचे हे शिक्षण पदोन्नतीआधीच मिळावे, यासाठी हे पत्र.

तक्ता म्हणजे चौकटीत नावे बसवणे, असे बाहेरून वाटते. अतिदक्षता विभागातील एका खाटेजवळ चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर तीन पाळ्यांना तिघी पुरतील असे कोणीही म्हणेल. पण वर्षातल्या ५२ साप्ताहिक सुट्या वजा केल्या, तरी साडेतीन जणी लागतात आणि अर्जित रजा, आजारपण, बाळंतपण धरले की आकडा चारच्या पुढे जातो. हे गणित मांडता येत नसल्यामुळे मी कित्येक वर्षे ‘स्टाफ कमी आहे’ एवढेच लिहीत राहिले आणि ‘उपलब्ध मनुष्यबळात भागवावे’ हा शेरा मुकाट्याने वाचत राहिले. पुढे नोकरीत असतानाच एम. एस्सी. नर्सिंग केले, तेव्हा भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेपोटी ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरलेले असते, हे समजले आणि त्याच्या आधारे प्रस्ताव लिहिता आला. मागितलेली सगळी पदे मिळाली नाहीत, पण त्या वेळी फाइल शेरा मारून परत आली नाही.

या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात परिचर्या व्यवस्थापन हा विषय दुसऱ्या वर्षी असतो : १५० तास वर्ग आणि १५० तास प्रात्यक्षिक. मनुष्यबळाचे नियोजन, अंदाजपत्रक, साहित्याची मागणी, कामाचे मूल्यमापन, कायदेशीर जबाबदारी हे सगळे त्यात आहे. विषय चांगला आहे, तक्रार प्रात्यक्षिकाची आहे. आमच्या तुकडीचे प्रात्यक्षिक बहुतांशी वही पूर्ण करण्यात संपले. खऱ्या मागणीपत्राला, निर्लेखनाच्या (निकामी सामान नोंदीतून कमी करण्याच्या) प्रस्तावाला किंवा दोन पाळ्यांमधल्या भांडणाला आमच्यापैकी कोणाचा हात लागला नाही. शिवाय पदवी घेतलेल्या माझ्या बहुतेक मैत्रिणी शिकवायला महाविद्यालयांत गेल्या आणि वॉर्ड पुन्हा केवळ सेवाज्येष्ठतेने आलेल्यांकडेच राहिले.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून १० बालके दगावली. ते रुग्णालय आपल्या खात्याचे नव्हे, तरी ती बातमी ऐकल्यावर मला माझी प्रत्येक रात्रपाळी आठवली. रात्री कक्षात किती जणी असाव्यात, आगीचे सिलिंडर कोणाला चालवता येते, बिघडलेल्या यंत्राबद्दल लिहिलेल्या पत्राचा पाठपुरावा कोण करतो, हे प्रश्न रात्रपाळीच्या मुलीवर सोडायचे नसतात. ते कितीतरी आधी प्रशासनाच्या टेबलावर सुटलेले असावे लागतात.

पदवीने माणसे सांभाळता येतात का, असे आपले अधिकारी विचारतील. येत नाहीत. माझ्या पहिल्या मेट्रनबाईंकडे कोणतीही मोठी पदवी नव्हती, पण ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवताना, कोणाचा आवाज कापरा झाला आहे, हे त्या दारातूनच ओळखत. मात्र अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्याही गप्प बसत, हेही मी पाहिले आहे.

म्हणून सेवाज्येष्ठता बाजूला सारा, असे मी म्हणत नाही. सहायक अधिसेविकेचे पद देण्यापूर्वी परिसेविकेला व्यवस्थापनाचे शिक्षण मिळावे आणि ते पगारी असावे. पंचेचाळिशीतल्या, घर चालवणाऱ्या बाईला दोन वर्षे नोकरी सोडून शिकता येत नाही. तिच्यासाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत सेवेत राहून, टप्प्याटप्प्याने पूर्ण करता येईल असा अभ्यासक्रम आखता येईल. त्यातले निदान सहा महिने तिने अनुभवी अधिसेविकेच्या हाताखाली प्रत्यक्ष तक्ते, मागणीपत्रे आणि चौकश्या हाताळाव्यात आणि गुण त्या कामाला मिळावेत, वहीला नव्हे. एम. एस्सी. झालेल्यांना वॉर्डात ठेवायचे असेल, तर त्या पदवीचा पदोन्नतीत विचार व्हायला हवा, याबाबतही आपल्या विभागाने सेवाप्रवेश नियम तपासावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सहायक अधिसेविका