आनसायच्या आजींना, खिडकीवरच्या फुलांसाठी

आदरणीय आजी,

सादर नमस्कार.

हे पत्र मी माझ्या मातृभाषेत, मराठीत लिहीत आहे, कारण तुमच्याविषयी मनात जे आहे ते मला दुसऱ्या कोणत्याही भाषेत नीट मांडता येत नाही. त्याची चिनी प्रत तुमच्या नातीकडे पाठवली आहे आणि ती तुम्हाला वाचून दाखवणार आहे. पत्र उघड ठेवण्याचे कारण असे की कागद कातरण्याच्या तुमच्या कलेची चित्रे आमच्याकडच्या अनेकांनी पाहिलेली असतात, मात्र ती कला ज्या घरात आणि ज्या रीतिरिवाजांत वाढली, त्यांची माहिती फार थोड्यांना असते. ती मला तुमच्यामुळे मिळाली.

चीनच्या शाआन्शी प्रांताच्या उत्तर भागात, यानआन शहराच्या हद्दीतल्या आनसायमध्ये मी थंडीत आले, तेव्हा लोककलेची विद्यार्थिनी म्हणून माझ्याजवळ पुस्तकांतली टिपणे होती. तुम्ही ती बाजूला ठेवायला लावली नाहीत, पण आधी घर पाहा असे म्हणालात. वाऱ्याने युगानुयुगे वाहून आणलेल्या पिवळ्या मातीचे ते पठार. ती माती उभ्या कड्यासारखी तासली तरी ढासळत नाही, म्हणून डोंगराच्या कुशीत कमानदार छताची घरे खोदता येतात, ज्यांना तुम्ही याओदोंग म्हणता. थंडीत ती उबदार राहतात, उन्हाळ्यात गार. आत चुलीचा धूर विटांच्या ओट्याखालून फिरवून बाहेर सोडलेला असतो, आणि त्या तापलेल्या ओट्यावर, खांगवर, सगळे घर झोपते, जेवते, शिवणटिपण करते. अशा घराला मागून आणि बाजूंनी उजेड येण्याची सोय नसते. जो काही प्रकाश यायचा तो समोरून. म्हणून कमानीची सगळी रुंदी लाकडी जाळीच्या खिडकीने व्यापलेली असते आणि तिच्यावर पांढरा कागद डकवलेला असतो. कागदातून कातरलेली तुमची लाल फुले त्या कागदावर असतात. दिवसा ती आतून उजेडात उठून दिसतात आणि रात्री दिवा लावला की अंगणातून. संग्रहालयात काचेमागे, काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले कातरकाम मी पुष्कळ पाहिले होते. मागून प्रकाश आल्याशिवाय ते अर्धेच दिसते, हे मला तुमच्या अंगणात उभे राहिल्यावर उमगले.

चिनी नववर्षाच्या आधीच्या दिवसांत तुम्ही मला कामाला लावलेत, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. चुलीच्या देवाला गोड, चिकट चिक्की देऊन निरोप दिला, साफसफाई झाली, आणि वर्षभराच्या धुराने काळवंडलेला खिडकीचा कागद जुन्या फुलांसकट फाडून टाकला. माझा जीव हळहळला, तुमचा नाही. नव्या कागदावर नवी फुले येणारच होती. तुम्ही पेन्सिल न वापरता, कागदाची घडी घालून थेट कात्री चालवता. कोंबड्याच्या पिसांसाठी आणि वाघाच्या केसांसाठी करवतीसारखे बारीक दाते, डोळ्याभोवती चंद्रकोरी, आणि हे सगळे कापड बेतायच्या त्याच कात्रीने. नमुना जपायचा असेल तेव्हा जुने कातरकाम ओल्या कागदावर चिकटवून दिव्याच्या धुरावर धरायचे, म्हणजे सभोवती काजळी बसते आणि मूळ आकृती पांढरी उरते, ही युक्ती तुम्हाला तुमच्या आईने दिली होती. लेकी सासरी जाताना असे नमुने बरोबर नेत, त्यामुळे एका खोऱ्यातली फुले दुसऱ्या खोऱ्यात पोहोचत. कोणत्या आकृतीचे माहेर कोणते, हे तुम्ही कातरकाम हातात घेताच सांगत होतात, आणि तेवढ्या वेळात मी कोणत्याही ग्रंथात न वाचलेले भूगोलाचे आणि नातेसंबंधांचे ज्ञान तुमच्या तोंडून येत होते.

मग लग्नाची फुले आली. वधूवरांच्या खोलीत कमळात शिरणारा मासा (मासा नवरा, कमळ नवरी) का लावतात, हे तुम्ही नातीसमोर हसत हसत आणि तरीही स्पष्टपणे सांगितले. चिनी राशिचक्रातल्या सापाच्या वर्षी आणि सशाच्या वर्षी जन्मलेल्यांची जोडी जमली तर सशाभोवती वेटोळे घातलेला साप कातरतात, कारण त्या घरात समृद्धी नक्की मानली जाते. डोक्यावर दोन अंबाडे बांधलेली, हातात कोंबडा आणि ससा धरलेली झुआजी वावा ही बाहुली मात्र केवळ मंगल कार्यापुरती नाही. कोंबडा सूर्याचा आणि ससा चंद्राचा, असे अभ्यासक सांगतात. तुम्ही सांगितलेत ते असे की मूल घाबरून आजारी पडले, तर त्याचा हरवलेला जीव परत बोलवायला तीच लागते, आणि हातात हात घेतलेल्या पाच बाहुल्यांची रांग घराला पाचही दिशांनी, म्हणजे चार दिशा आणि मध्य, राखते. पावसाची झड लागली की हातात केरसुणी घेतलेली कागदी बाई दाराबाहेर टांगायची, म्हणजे ती ढग झाडून काढते. यातल्या कशालाही तुम्ही कला म्हणाला नाहीत. गरज पडली, वेळ आली, म्हणून कात्री उचलली जाते, आणि माझ्या मते या परंपरेचे सगळे बळ तिथेच आहे.

पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला तुम्ही मला दिव्यांच्या चक्रव्यूहात घेऊन गेलात. १९ ओळी, प्रत्येकीत १९, असे ३६१ दिवे. त्यांच्यामधून वळणावळणाने न चुकता बाहेर पडले की वर्ष सुखाचे जाते. मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या बायका तिथला एखादा दिवा गुपचूप घरी नेतात आणि इच्छा फळली तर पुढच्या वर्षी दिवा परत आणून ठेवतात. त्याआधी दुपारी कमरेला लाल फडक्याने ढोल बांधलेल्या तरुणांनी उडवलेल्या पिवळ्या धुळीत मला समोरचा डोंगरही दिसेनासा झाला होता. वसंतात छिंगमिंगच्या, पूर्वजांच्या स्मरणाच्या, सणाला तुम्ही कणकेच्या लहान लहान पाकोळ्या वाफवून बोरीच्या काटेरी फांदीवर लावल्यात आणि त्यांचे डोळे करायला त्याच बारकाईने बसलात, जिने कागदावर बसत होतात.

आनसायच्या कातरकामाला आणि कमरेच्या ढोलाला २००६ साली चीनच्या पहिल्या राष्ट्रीय अमूर्त वारसा सूचीत स्थान मिळाले, आणि २००९ साली युनेस्कोने चिनी कातरकामाला जागतिक सूचीत घेतले. हा मान योग्यच आहे. मात्र त्याच्या कितीतरी आधी ज्यांनी गावोगाव हिंडून, खांगवर बसून, तुमच्या पिढीच्या बायकांचे म्हणणे ऐकून घेतले, त्या चित्रकार जिन झीलिन यांच्यासारख्यांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. याच प्रांतातल्या सुइद आणि मीझी येथे सापडलेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या थडग्यांच्या कोरीव दगडांवर नांगराच्या बैलांची जी ठसठशीत, सपाट आकृती आहे, तिच्याशी तुमच्या बैलांचे नाते मला उघड दिसते, आणि तुम्ही ते दगड पाहिलेलेही नाहीत.

एक काळजी बोलून दाखवते. डोंगर पुन्हा हिरवे होत आहेत हे चांगले आहे, आणि नव्या इमारतीत नळ, शाळा आणि दवाखाना जवळ असताना तरुणांनी गुहाघरात राहावे असे मी म्हणणार नाही. तिथल्या मोठ्या काचेला मात्र दरवर्षी कागद लागत नाही, आणि कागद बदलायचा नसेल तर फुलेही बदलायला लागत नाहीत. चौकटीत बसवून विकलेले कातरकाम वर्षानुवर्षे तसेच राहते आणि नवे करण्याचे निमित्त संपते. तुमच्या सुनेने शहरातल्या घराच्या काचेवर पाण्याने चिकटवलेली फुले मी पाहिली आणि मला फार बरे वाटले. ती दर नववर्षाला काढून नवी लावते. तिचेही आभार.

मी सोलापूरची आहे असे सांगितल्यावर शेजारच्या आजोबांनी लगेच ‘के दिहुआ’ म्हटले, म्हणजे डॉक्टर कोटणीसांचे चिनी नाव. आमच्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३९ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर यानआनला आले आणि १९४२ साली, चीनमध्येच, जखमींची सेवा करता करता वारले. त्यांच्या नावामुळे माझ्यासाठी अनेक दारे उघडली गेली, पण खांगवर जागा तुम्ही दिलीत, ती मला न ओळखता.

तुमच्या नातीने आनसायच्या बोलीतून सर्वसामान्य चिनीत आणि मग माझ्या मोडक्या चिनीच्या आवाक्यात प्रत्येक गोष्ट आणली. तिचा संयम मोठा. तुम्ही दिलेल्या धुराच्या नमुन्यांची छायाचित्रे मी काढली आहेत. प्रत्येक छायाचित्रासोबत ती आकृती कोणत्या प्रसंगी आणि कोणासाठी कातरतात, हे तुमच्याच शब्दांत लिहिले आहे. पूर्ण संच आधी तुमच्याकडे येईल. तुम्ही ऐकून, दुरुस्त करून परवानगी द्याल तेव्हाच त्यातले काही छापले जाईल, आणि जे घराबाहेर जाऊ नये असे वाटेल ते तुमच्याकडेच राहील.

आपली कृतज्ञ,
सोलापूरची विद्यार्थिनी