लॅकोब कंजूष नाही, मध्या

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
17 नोव्हेंबर 2024

प्रिय मध्या,

"क्लेला सोडलं ना तुमच्या त्या कंजूष मालकाने, आता भोगा." एनबीएतला बास्केटबॉल संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स, त्याचा मालक जो लॅकोब आणि संघ सोडून गेलेला क्ले थॉम्पसन यांच्यावरचा तुझा हा मेसेज मंगळवारी रात्री घरी परतताना वाचला. अंगठ्याच्या चित्रावर भागवण्यासारखा नव्हता, म्हणून आज रविवारचा चहा घेऊन सविस्तर लिहायला बसलोय.

अरे, क्ले पाहुण्या संघाकडून इथे खेळायला आला त्या सामन्याला मी होतो. वॉरियर्सच्या चेस सेंटरला, पार वरच्या रांगेत, जिथून खेळाडू कॅरमच्या सोंगट्यांएवढे दिसतात. आत शिरताना प्रत्येकाला जहाजाच्या कप्तानाची पांढरी टोपी मिळाली. क्ले बोटीने खाडी ओलांडून सामन्याला यायचा ना, त्याची आठवण म्हणून. तो नव्या संघाच्या, डॅलसच्या जर्सीत बाहेर आला, पाठीवर 11 च्या जागी 31, आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. माझ्या शेजारचे एक सरदारजी पगडीवर टोपी कशीबशी धरून टाळ्या वाजवत होते. क्लेने 6 थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट) मारले, 22 गुण केले. आपण 120-117 ने जिंकलो, कारण आपले शेवटचे 12 गुण स्टीफन करीने एकट्याने केले. पण घरी येताना गाडीत जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं.

आता तुझ्या कंजूष मालकाकडे येतो. 2019 च्या फायनलमध्ये क्लेचा गुडघा गेला, ते आपण फोनवर बोलत बोलत बघितलं होतं. आत नेलेला माणूस परत आला, दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही पडले, मग गेला. पुढचं वर्ष तो खेळणार नाही हे पोराटोरांनाही कळत होतं. तरी महिन्याभरात याच जो लॅकोबने त्याला 5 वर्षांचे 19 कोटी डॉलर दिले. नोव्हेंबर 2020 मध्ये टाचेची नस तुटली, आणखी एक हंगाम गेला. पगार चालूच. वर त्याच्या जागी केली ऊब्रेला आणलं. ऊब्रेचा पगार दीड कोटीच्या आत, पण लक्झरी टॅक्स (संघाचे एकूण पगार ठरलेल्या रेषेवर गेले की लीगला भरायची रक्कम) धरून तो 8 कोटींच्या वर पडणार, असा हिशेब तेव्हा छापून आला होता. चार आण्याची कोंबडी न बारा आण्याचा मसाला!

हा मसाला कसा चढतो ते नीट बघ, सगळी मेख तिथे आहे. आपल्याच जुन्या खेळाडूला ठेवायला सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) आडवी येत नाही, लॅरी बर्डच्या नावाची सवलत आहे. आडवा येतो तो टॅक्स. 2023-24 ला त्याची रेषा साडेसोळा कोटींच्या आसपास होती. त्या वर्षीच्या दराने, ती ओलांडली की पहिल्या 50 लाखांवर डॉलरमागे दीड डॉलर, पुढच्या 50 लाखांवर पावणेदोन, मग अडीच, मग सव्वातीन. आणि मागच्या 4 हंगामांपैकी 3 हंगाम तू टॅक्स भरला असशील, तर प्रत्येक पायरीवर डॉलरमागे आणखी 1 डॉलर. म्हणजे अगदी पहिल्या पायरीपासून मोजलं तरी दीड कोटीच्या खेळाडूवर 4 कोटी 37 लाख 50 हजार नुसता टॅक्स. आणि आपण पहिल्या पायरीवर कधी होतो? 2021-22 ला, ज्या वर्षी चौथी ट्रॉफी आली, तेव्हा एकूण टॅक्स 17 कोटींच्या घरात होता. त्याच उन्हाळ्यात लॅकोब कुठेतरी बोलून गेला की आमचे मुख्य खेळाडू आम्हीच ड्राफ्टमधून (नवख्या खेळाडूंच्या निवडीतून) घडवलेत, तरी आम्हालाच भुर्दंड. त्या बोलण्याबद्दल लीगने 5 लाखांचा दंड ठोकला. टॅक्सबद्दल कुरकुर केली म्हणून वर दंड!

तरीही पैशावर भागलं असतं तर त्याने मोजले असते, असं मला वाटतं. लीग आणि खेळाडूंच्या 2023 च्या नव्या करारात टॅक्सच्या वरची आणखी एक रेषा, म्हणजे दुसरा अ‍ॅप्रन आला आणि तिथे घोडं अडलं. ती दुसरी रेषा ओलांडली की ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही, मिड-लेव्हलची सवलत (मर्यादेवर असूनही मधल्या पगाराचा खेळाडू घ्यायची) जाते, सात वर्षांनंतरचा ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा पिक गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. म्हणजे खिशात पैसा असून बाजारात उभं राहायची सोय नाही. करी तेव्हा छत्तिसाचा, हाताशी वर्षं किती? क्ले आणि संघातला दुसरा महागडा खेळाडू ख्रिस पॉल दोघेही गेले तेव्हा कुठे हील्ड, मेल्टन, काइल अँडरसन येऊ शकले.

आणि क्ले तरी कुठला क्ले होता रे? एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोत प्ले-इनला, म्हणजे प्ले-ऑफच्या पात्रता सामन्यात, 10 पैकी 0 शॉट पडले. मी टीव्हीचा आवाज बंद केला होता. हाच माणूस, ज्याने 2016 मध्ये इंडियानाविरुद्ध 29 मिनिटांत 60 गुण केले होते, तेही अवघ्या 11 ड्रिबल्समध्ये (चेंडूचे टप्पे).

माझा राग वेगळाच आहे. 2023-24 च्या हंगामाआधी त्याला 2 वर्षांचे 4 कोटी 80 लाख देऊ केल्याची बातमी होती, त्याने घेतले नाहीत. ते त्याचं चुकलं, मान्य. पण जूनमध्ये हे लोक दुसऱ्या संघातल्या पॉल जॉर्जच्या मागे धावत होते, आणि 13 वर्षं काढलेला माणूस पाटावर बसून, वाढायला कुणी येईना. आधीच स्पष्ट सांगायचं होतं की इतकेच देऊ शकतो, राहा नाहीतर जा. एवढं सांगायला तर कुठला टॅक्स लागत नव्हता! शेवटी डॅलसला 3 वर्षांचे 5 कोटी घेऊन गेला. तेवढ्याला इथे राहिला असता का? मला वाटतं, मे महिन्यात कुणी मनापासून विचारलं असतं तर राहिला असता. माझी बायको म्हणते, तुझा भ्रम आहे.

सरदारजी निघताना त्यांची टोपी खुर्चीवरच ठेवून गेले. मी उचलली. जानेवारीत ताई सांगलीला येतेय, तिच्या बॅगेत टाकतो. तुझ्या डोक्याला लहान होईल, तर सोनूला दे.

तुझा,
सुध्या