वायरमनकाकांस आभारपत्र: दिवा बदलण्याआधी व्होल्ट मोजायला लावल्याबद्दल

प्रिय वायरमनकाका,

सप्रेम नमस्कार वि. वि.

जुन्या ट्रकला एलईडी हेडलाइट बसवण्यासाठी तुम्ही काढून दिलेली वायरिंगची आकृती आणि तिच्या पाठीमागे लिहिलेल्या सूचना आमच्या कामात कायम हाताशी असतात. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितो आहोत, कारण तुम्ही सांगितलेलं प्रत्येक जुन्या गाडीवाल्याच्या उपयोगाचं आहे आणि ते एका कागदापुरतं राहू नये असं वाटतं.

पहिले आभार तुमच्या हट्टाचे: मोजल्याशिवाय दिवा बदलायचा नाही. इंजिन चालू, डिपर (खाली झुकलेला उजेड) लावलेला, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं हेडलाइटच्या होल्डरमागे प्लसवर. जो आकडा दिसेल तेवढा व्होल्ट वायरीत आणि स्विचात वाया जातो आहे. मग तेच अर्थच्या (मायनसच्या) बाजूने, म्हणजे होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर आणि अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं, तर दोष दिव्याचा नाही, वाटेचा आहे. जुन्या गाडीत दोन्ही डिपरचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचातून आणि डिपर स्विचातून फिरून येतो. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर खेचतात. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीची एकूण वाट ८ मीटर धरली, तर नुसत्या वायरीतच सुमारे १.३ व्होल्ट जातात. काळवंडलेले काँटॅक्ट आणि वायरीच्या टोकांचे गंजलेले थिंबल आणखी खातात ते वेगळंच.

हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून होल्डरवर ११ व्होल्टच्या जागी १३ व्होल्ट पोचले तर उजेड जवळजवळ पावणेदोन पट होतो. तुम्ही हे गणित मांडून दाखवलंत आणि पुढे स्पष्ट लिहिलंत की ज्याला एवढं पुरेल त्याने रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवून थांबावं, एलईडीचा खर्च करू नये. दिवे विकणारा माणूस हे सांगत नाही. या सचोटीबद्दल आभार वेगळे.

ज्याला एलईडीच हवा, त्याच्यासाठी तुमचं दुसरं म्हणणं आणखी ठाम आहे: हॅलोजनच्या डूममध्ये, म्हणजे रिफ्लेक्टर आणि काचेच्या दिव्यात, एलईडी बल्ब घालू नका, अख्खा डूम बदला. कारणही नीट समजावलंत. एच४ या प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: एक डिपरसाठी, एक अप्परसाठी, म्हणजे लांबच्या उजेडासाठी. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडत नाही, आणि म्हणून भिंतीवर वरच्या बाजूने उजेडाची कड कापल्यासारखी दिसते. रिफ्लेक्टर त्या बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या असतात. पट्टी जाड असेल किंवा चिप मिलिमीटरभर पुढेमागे असेल, तर कड विरघळते आणि उजेड वर सांडतो. ड्रायव्हरला गाडीपुढची दहा-पंधरा मीटर जमीन लख्ख दिसते म्हणून तो खूश असतो. पण जवळची जमीन जास्त उजळली की बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. आणि समोरून येणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. बहुतेक देशांच्या नियमांत असा बल्ब मान्य नसण्याचं कारणही हेच आहे. तुमच्या सूचनांत समोरच्या माणसाचे डोळे इतक्या वेळा येतात, की आम्हीही आता काम तपासताना आधी तिथूनच बघतो.

डूम निवडताना काचेवरच्या खुणा वाचायच्या, हे तुमच्यामुळे अंगवळणी पडलं. गोलातली ई ही मान्यतेची खूण असलेल्या दिव्यासमोर उभं राहिलं आणि काचेवर आपल्या उजवीकडे रोखलेला बाण दिसला, तर तो दिवा रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा. बाणच नसेल तर उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हींसाठी चालतो, पण आतली सेटिंग आपल्या बाजूची आहे ना ते बघावं लागतं. चुकीच्या बाजूचा दिवा बसवला तर उजेडाच्या कडेचा जो भाग रस्त्याच्या बाहेरच्या बाजूकडे वर चढायला हवा, तो थेट समोरच्या गाडीच्या काचेवर चढतो. कितीही फोकस मारला तरी हा दोष जात नाही. रंगाच्या बाबतीत ४३०० ते ५५०० केल्विनच्या आसपास राहावं. त्यापुढची निळसर पांढरी झाक धुक्यात आणि पावसात डोळ्यांवरच परत येते.

आता व्होल्ट. १२ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग १३.८ ते १४.५ आणि २४ व्होल्टच्या गाडीत २७.५ ते २८.५ असावं. २४ च्या गाडीत जुना कटआउट (चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा) बिघडून चार्जिंग ३० च्या वर जात असेल तर हॅलोजन बल्ब लवकर उडतात एवढंच, पण एलईडीला ठरावीक करंट देणारं आतलं सर्किट कायमचं जाऊ शकतं. म्हणून कटआउट आधी ठीक करायचा. दिव्यावर ९ ते ३२ व्होल्ट असं लिहिलेलं असलं तर तो दोन्ही गाड्यांना चालतो. फक्त १२ व्होल्टचा दिवा २४ च्या गाडीत लावायला दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात, ते तुम्ही लाल शाईने खोडलं आहे, आणि बरोबर खोडलं आहे. त्याने एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि थोड्या महिन्यांत दोन्ही जातात.

तुमच्या आकृतीचा जीव मात्र रिलेच्या जोडणीत आहे. डिपरसाठी एक रिले, अप्परसाठी एक. २४ व्होल्टच्या गाडीला रिलेही २४ चेच. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज, तिथून दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनवर. ८७ वरून दोन्ही बाजूंच्या दिव्यांना. ८७ए असलेल्या रिलेत त्या पिनला काहीही लावायचं नाही आणि ती उघडीही ठेवायची नाही, कारण रिले सुटलेला असताना तिच्यावर जिवंत करंट असतो. जुन्या होल्डरचं कपलर कापायचं नाही. त्यातून फक्त ८५ आणि ८६ वर, म्हणजे रिलेच्या कॉइलच्या टोकांवर, इशारा घ्यायचा. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे दमलेला जुना स्विच पुढेही निवांत चालतो. फ्यूज किती, हे दिव्याच्या वॅटवरून: ३० वॅटचे दोन डिपर १२ व्होल्टच्या गाडीत साडेचार-पाच अँपिअर घेतात, त्याला १० चा फ्यूज पुरतो. पण गाडीत सुटे हॅलोजन बल्ब ठेवणार असाल तर १५ चा घाला, म्हणजे वाटेत एलईडी गेला तर त्याच वायरिंगवर जुना डूम चालतो. हा सल्ला लांबच्या फेऱ्यांना फार मोलाचा आहे.

आणि तो अर्थचा गुंता! काही जुन्या ट्रकांत स्विच प्लस तोडत नाही, अर्थ तोडतो; होल्डरच्या सामाईक टोकावर प्लस कायम असतो. हॅलोजनला याने फरक पडत नाही. सामाईक टोक अर्थच असणार असं धरून बनवलेला एलईडी दिवा तिथे लागतच नाही, किंवा अप्पर-डिपर उलटसुलट वागतात, आणि माणूस चांगला दिवा खराब समजून परत करतो. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून होल्डरचं एकेक टोक तपासायचं: स्विच बंद असतानाही लॅम्प पेटला तर गाडी अर्थ तोडणारी आहे. रिलेने हा प्रश्न मुळातूनच सुटतो, कारण कॉइलला दिशा नसते. मात्र त्यासाठी आत डायोड नसलेला, रेझिस्टरवाला रिले घ्यावा लागतो. डायोडवाल्या रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हीच दिशा पाळावी लागते; उलट लावला की डायोड जळतो किंवा फ्यूज उडतो. नुसता साधा रिलेही घेऊ नये, कारण कॉइल सुटताना उसळणारा झटका जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देतो.

अशाच गाड्यांत डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा कधीकधी विझलेल्या फिलामेंटमधून आपली वाट पुरी करत असतो. फिलामेंट गेला की तो बंद पडतो किंवा मंद मंद लागून राहतो. त्याला अप्परच्या रिलेच्या ८७ वरून वेगळी वायर आणि बॉडीला वेगळा अर्थ, एवढाच उपाय. ही ओळ तुम्ही समासात लिहिली होती. आमच्या मते ती ठळक अक्षरांत हवी.

बसवण्याच्या कामातलं थोडक्यात. सात इंची गोल डूमच्या मागे असलेले तीन कान बकेटच्या, म्हणजे दिवा बसतो त्या वाटीच्या, खाचांत नीट बसले नाहीत तर दिवा किंचित फिरतो आणि कड तिरकी पडते. मागच्या पंख्या, म्हणजे हीट सिंक, बकेटला टेकता कामा नये. हवा खेळली नाही तर दिवा तापून स्वतःच उजेड कमी करतो. स्वस्त दिवा ओळखायची तुमची रीत सोपी आहे: लावल्याबरोबर भिंतीवर लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजायचे, अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचे. दोन आकड्यांत मोठी तफावत असली तर तो दिवा नको. अर्थचं थिंबल बसवताना रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर घट्ट बसवायचं आणि वरून ग्रीस लावायचं. दोन्ही दिव्यांचा अर्थ एकाच ठिकाणी मजबूत असला की लुकलुकण्याच्या बऱ्याचशा तक्रारी उरतच नाहीत. आणि डूमच्या मागचं श्वासाचं छिद्र सिलिकॉनने बुजवायचं नाही. आत बाष्प धरू नये म्हणून ते असतं. बुजवलं की काच आतून घामेजते.

फोकसबद्दल तुमचे आभार सर्वांत जास्त आहेत. इथेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. सपाट जागा, टायरांत बरोबर हवा, भिंत १० मीटरवर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर आखायची. ट्रकचे दिवे एक मीटरपेक्षा उंच असतील तर डिपरची कड १.५ ते २ टक्के खाली ठेवायची, म्हणजे १० मीटरवर १५ ते २० सेंटिमीटर; देशाचा नियम वेगळा आकडा सांगत असेल तर तो पाळायचा. १.१ मीटर उंचीचा दिवा १.५ टक्के उतारावर सुमारे ७३ मीटरपर्यंत रस्ता दाखवतो, २ टक्क्यांवर ५५ मीटरपर्यंत. समायोजनाचे स्क्रू गंजलेले असतात, त्यांना आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल पाजून ठेवायचं, नाहीतर प्लास्टिकचा नट तुटतो.

हे सगळं कुठल्या वजनावर करायचं, हा प्रश्न तुम्ही उपस्थित केलात म्हणून आम्हाला उमगला. कमानपाट्यांच्या गाडीत माल भरला की मागची बाजू बसते आणि तोंड वर होतं. समोरची आणि मागची चाकं यांत ४.२ मीटर अंतर असेल आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा ८ सेंटिमीटर जास्त खाली गेली, तर गाडीचा कल जवळजवळ १.९ टक्के बदलतो. रिकाम्या गाडीवर इतक्या काळजीने दिलेला दीड-दोन टक्क्यांचा उतार तेवढ्यानेच पुसला जातो, आणि भरलेली गाडी रात्रभर डिपरवर चालूनही समोरच्याला अप्परसारखी भासते. म्हणून गाडी जो माल नेहमी वाहते त्या वजनावर फोकस सेट करायचा. एखाद्या बाजूचे पाटे थकले असतील तर तो तिरकेपणा दिव्याच्या स्क्रूने झाकायचा नाही, पाटे दुरुस्त करायचे. फोकस मारून झाल्यावर कोणालातरी ४० मीटरवर छोट्या गाडीत बसवून डोळ्यांवर येतं का ते विचारायचं, ही तुमची शेवटची पायरी आम्ही कधीही गाळत नाही.

दोन बारीक गोष्टींसाठीही ऋणी आहोत. चेसिसवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची टोकं आणि दोन्ही हेडलाइटचे कपलर काढून ठेवायचे, कारण आता दिव्यात इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि वेल्डिंगचा करंट त्याला सोडत नाही. आणि पॉलीकार्बोनेटची काच थिनरने किंवा पेट्रोलने कधी पुसायची नाही. वरचा थर जाऊन ती पिवळी आणि धूसर होते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

तुमच्या आकृतीची स्वच्छ प्रत काढून समासातली निळ्या दिव्याची ओळ आम्ही मुख्य आकृतीत घेतली आहे. तुमची हरकत नसेल तर ती शिकाऊ मुलांना देत जाऊ. २४ व्होल्टच्या गाडीसाठी फ्यूजचे आकडे त्यात वेगळे घालायचे आहेत. ते तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापणार नाही.

आपले कृतज्ञ,
जुने ट्रक सांभाळणारे आम्ही सर्व जण