बाबा, अर्ज तुमच्या नावावर अडकला होता

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला जमत नव्हतं म्हणून लिहितेय. आई, तू आधी एवढं वाच की मी बरी आहे, बाळ बरं आहे, परवाच्या सोनोग्राफीत सगळं नॉर्मल आलंय. आता पुढचं वाच.

निखिलची नोकरी मार्चमध्ये गेली. आम्ही तुम्हाला कंपनी बदलतोय असं सांगितलं, ते खोटं होतं. बाबांचं बीपी आणि आईची झोप, दोन्ही डोळ्यासमोर होतं म्हणून नाही सांगितलं, पण चुकलंच आमचं.

नोकरी गेली की इथे अमेरिकेत पगाराबरोबर हेल्थ इन्शुरन्स पण जातो, हे तुम्हाला तिकडे बसून पटकन कळणार नाही. आमचा त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला बंद झाला आणि मला तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. तोच इन्शुरन्स १८ महिने पुढे चालू ठेवता येतो, कोब्रा म्हणतात त्याला, पण आधी कंपनी भरायची तो हिस्सा पण आपणच भरायचा आणि वर २ टक्के. माझा कोर्स चालू, कमाई शून्य, निखिलचा बेरोजगार भत्ता येतो त्यात घरभाडं आणि किराणा कसाबसा बसतो. मग मी म्हटलं थोडे दिवस थांबू, त्याला नवीन नोकरी लागेलच.

थोडे दिवस म्हणता म्हणता सात आठवडे गेले. त्यातल्या एका रात्री थोडं रक्त गेलं. निखिल गाडीची किल्ली घेऊन दारात उभा आणि मी म्हणतेय सकाळपर्यंत बघू. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय परत पाठवायचं नाही असा इथे १९८६ पासून कायदा आहे, ते माहीत होतं मला, पण तपासल्यावर बिल येतं ते पण माहीत होतं. आई, मी बिलाच्या भीतीने बाळाला सकाळपर्यंत थांबवलं. सकाळी बंद झालं आपोआप, काही झालं नाही, पण ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्याच दिवशी मेडिकेडचा अर्ज करायचं ठरवलं.

मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना, १९६५ मध्ये सुरू झालेली, केंद्र आणि राज्य मिळून खर्च करतात. (मेडिकेअर वेगळी, ती मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठी, इथले लोक पण दोन्हींत गोंधळ करतात.) आमच्या न्यू जर्सीत तिला फॅमिलीकेअर म्हणतात. आता बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय, की आपण तिथले नागरिक नाही, मग ते आपल्याला का देतील?

मलाही तेच वाटायचं. १९९६ च्या कायद्याने ठरवलं की ग्रीन कार्ड मिळाल्यावर बहुतेकांना पाच वर्षं ही योजना नाही. आमचं कार्ड २०२२ च्या शेवटी आलं. निखिल इथे २०११ पासून आहे, पहिल्या पगारापासून टॅक्स कापला जातोय, पण ती अकरा वर्षं मोजत नाहीत, घड्याळ कार्डाच्या तारखेपासून सुरू होतं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते कोणालाही तोंडावर सांगेन. पण २००९ मध्ये अजून एक कायदा झाला, त्यात राज्यांना मुभा दिली की कायदेशीर राहणाऱ्या गरोदर बायका आणि मुलांना पाच वर्षं थांबवू नका, हवं तर लगेच द्या. न्यू जर्सीने ती मुभा घेतलीये. म्हणजे आमच्या घरात एकसारखी दोन कार्डं, एकाच तारखेची, मी नियमात बसते आणि निखिल बसत नाही, आणि बाळ इथे जन्मणार म्हणून जन्मतःच नागरिक, त्याला काहीच आडवं येत नाही. निखिलने मग राज्याच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी वेबसाइटवरून, स्वतःपुरता प्लॅन घेतला, नोकरी गेल्यावर त्यासाठी ६० दिवस मिळतात, शेवटच्या आठवड्यात कसाबसा केला.

उत्पन्नाची अट पण आहे. यात पोटातलं बाळ पण माणूस म्हणून मोजतात, म्हणजे आम्ही तिघं. २०२५ ची तिघांची दारिद्र्यरेषा वर्षाला २६,६५० डॉलर आणि गरोदर बाईसाठी मर्यादा साधारण त्याच्या दुप्पट, आणि बघतात ते चालू महिन्याचं उत्पन्न, मागच्या वर्षीचा निखिलचा पगार नाही. हे आधी कळलं असतं तर सात आठवडे वाया गेले नसते.

शेजारच्या ताईने एका क्लिनिकमध्ये नेलं. तिथे गरोदर बाईला प्राथमिक माहितीवर त्याच दिवशी तात्पुरतं कव्हर देतात, पूर्ण अर्जाचा निकाल यायच्या आधीच. मी त्या दिवशी बाळाचे ठोके ऐकले आणि बिल आलं नाही. बाहेर येऊन गाडीत खूप रडले.

पूर्ण अर्जाला मात्र दमवलं. फोनवरच्या बाईने पहिल्याच मिनिटाला सांगितलं पाच वर्षं झाली नाहीत, मिळणार नाही. मी म्हटलं मी प्रेग्नंट आहे, वेगळा नियम आहे, कृपया वरिष्ठांना विचारा. तीन वेळा म्हटलं, आवाज न चढवता. चाळीस मिनिटांनी ती परत आली आणि म्हणाली हो, बरोबर आहे तुमचं. मग दोन आठवड्यांनी पत्र आलं की तुमची इमिग्रेशनची माहिती जुळत नाही.

आणि बाबा, जुळत नव्हतं ते तुमचं नाव. पासपोर्टवर आणि ग्रीन कार्डवर माझ्या नावाला लागूनच तुमचं नाव आहे, सोशल सिक्युरिटी कार्डवर (इथल्या सरकारी नंबराचं कार्ड) फक्त माझं, आणि अर्जात मी तुमचं नाव मधल्या रकान्यात लिहिलेलं. कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या बायका वाटल्या. ऑफिसात गेले तर खिडकीतल्या माणसाने त्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे कोण? मी म्हटलं माझे वडील, आमच्याकडे मुलीच्या नावात वडिलांचं नाव असतं आणि मी लग्नानंतर ते बदललं नाही.

तेव्हा मला तुमचं पुरवठा शाखेतलं टेबल आठवलं. शाळा सुटल्यावर मी तिथे बाकावर बसायचे आणि रेशनकार्डावर नाव चुकलेली माणसं रांगेत असायची, कोणाची वेलांटी चुकलेली, कोणाचं आडनावच दुसरं. तुम्ही त्यांना प्रतिज्ञापत्राचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून द्यायचात. एक आजी तुमच्या पाया पडायला लागल्या तर तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि म्हणालात, तुमच्या हक्काचं आहे आजी, माझ्या पाया कशाला पडता. मी दुसरीत असेन. तोच मजकूर आठवून आठवून मी इंग्रजीत लिहिला, की ही आणि ती एकच व्यक्ती आहे, जन्मदाखल्याची प्रत आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स जोडल्या. बाकी अटी बसत असतील तर कागद जुळवायला ९० दिवस देतात आणि तोवर कव्हर थांबवत नाहीत, हाही नियम आहे. मला एकविसाव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं.

बाबा, तुम्ही मनात म्हणाल, सरकारी मदतीवर राहायची वेळ आली. तसं नका वाटून घेऊ. रेशनच्या रांगेतल्या माणसांना तुम्ही कधी कमी लेखलं नाहीत, मग मला का लेखाल? दुसरं, यामुळे पुढे सिटिझनशिप अडेल अशी भीती निखिलला पण होती. सरकारवर भार पडेल का, ही परीक्षा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड देताना घेतात, नागरिकत्वाच्या अर्जात ती नसते. आणि आमचं कार्ड नोकरीवरून मिळालेलं, त्यामुळे आमच्यासाठी हमीपत्र दिलेला नातेवाईक कोणी नाही, ज्याच्याकडे सरकार हे पैसे मागेल.

आता कव्हर डिलिव्हरीनंतर पूर्ण १२ महिने आहे. बाळाला पण पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप मिळेल, फक्त जन्म कळवायचा.

तुम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये याल तेव्हा मात्र तुम्हाला यातलं काहीही लागू नाही, व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला मेडिकेडही नाही आणि मार्केटप्लेसही नाही. म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स निघायच्या आधी घ्या, आणि बाबांचं बीपी आधीपासूनचं आहे ते फॉर्मवर लपवू नका, जुन्या आजाराला किती कव्हर आहे ते नीट विचारून घ्या. सगळ्या मुक्कामाच्या गोळ्या बरोबर आणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिकडचा ब्रँड इकडे कोणाला कळत नाही. आई, हॉस्पिटलमध्ये फोनवर मराठी दुभाषा मागता येतो, फुकट, तेव्हा मी आत असताना डॉक्टरांना काय विचारायचं ते तू मराठीत बिनधास्त विचार.

निखिलचे दोन इंटरव्ह्यू झालेत, एक पुढच्या मंगळवारी आहे. बाबा, पत्र वाचून झालं की फोन करा, रात्र असली इकडे तरी चालेल.

तुमची,
मनू