रात्रीची मॅच, सकाळचा तास

संपादक महोदय,

मी नाशिकमध्ये इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. युरोपातली फुटबॉल मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला आणि सकाळी साडेसातला माझा पहिला तास. झोपेचं खोबरं होतं, पण तक्रार त्याची नाही. वर्गात १९११ची आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा काढली की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ हरवलं, तेही एक खेळाडू सोडून सगळे अनवाणी! मग वंगभंगाकडे वळणं सोपं जातं. (इथल्या पांडवलेणीतला सातवाहन राजा गौतमीपुत्र मात्र अजून एवढा भाव खात नाही.) काळजी आहे ती प्राध्यापकांच्या जागांची. आमच्याकडे निवृत्तांच्या जागी कायम भरती नाही. मानधन तासांवर, सुट्टीत शून्य. व्यावसायिक फुटबॉलमध्ये राखीव खेळाडूलाही पगार असतो. शासनाने निदान नवं सत्र सुरू होण्याआधी विषयवार रिक्त जागा तरी जाहीर कराव्यात.

— एक प्राध्यापक, गंगापूर रोड, नाशिक