मूळ संख्यांवरच्या टीव्ही मालिकेबद्दल, नीलूला

प्रिय नीलू,

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग कागद घेऊन बसले. 'प्राइम टार्गेट' या टीव्ही मालिकेचे दोन भाग बघून तू जी आगपाखड केली आहेस ती मालिकेपेक्षा रंजक आहे. पण शेवटी विचारलंस, "यातलं खरं किती आणि थापा किती, ते तरी सांग." नीट सांगायचं तर लांबण लागणार. चहा घेऊन बस.

मी आठही भाग बघितले. मालिका आली 22 जानेवारी 2025 ला, तेव्हापासून आमच्याकडे हिच्यावरून वाद चालू आहेत. माझा भाचा सॉफ्टवेअरमधला. त्याने पहिल्याच भागात रिमोट आदळला. "मूळ संख्यांचा आकृतिबंध सापडला की जगातला प्रत्येक कॉम्प्युटर उघडणार? प्रत्येक? मावशी, यांनी एका तरी माणसाला विचारायचं होतं!" माझ्या जुन्या सहकारी बाईंना फळ्यावरची चिन्हं खटकली. त्यांनी चित्र थांबवून, चष्मा वर करून, ओळ न् ओळ वाचली आणि जाहीर केलं की याला काही अर्थ नाही. जाऊबाईंना गणिताशी कर्तव्य नव्हतं, त्यांना केंब्रिजच्या इमारती आवडल्या. पण तिसऱ्या भागानंतर त्यांनी गुपचूप बँकेचा पासवर्ड बदलला, आणि नवीन लक्षात राहीना म्हणून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवून ठेवला. बाकी बहुतेकांची तक्रार तुझीच, की मालिकेचा नायक, तो गणितज्ञ एडवर्ड ब्रूक्स, फार तुसडा आहे, कुणाशी धड बोलत नाही, आणि अशा माणसासाठी जीव टांगणीला लावायचा कशाला.

आणि सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य सारखं होतं: "सरकारी हेर गणितज्ञांवर पाळत ठेवतात म्हणे! काहीही दाखवतात."

नीलू, माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्याला सगळे हसले ते बरंचसं खरं आहे, आणि जे भाचा सोडून सगळ्यांनी निमूटपणे गिळलं, तिथेच थाप आहे.

आधी थाप बघू. कागद घे आणि 8633 चे अवयव पाड. कॅल्क्युलेटर चालेल. दोनाने जात नाही, तीनाने नाही, पाचाने नाही, साताने नाही. अशा एकेक मूळ संख्या घेत गेलीस तर चोविसाव्या संख्येला, म्हणजे 89 ला, भाग जाईल. 89 गुणिले 97. गुणाकार करायला मला काही सेकंद लागले, उलटं यायला तुला घाम फुटेल. रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनी 1977 साली मांडलेली, संदेश कुलूपबंद करायची आरएसए पद्धत या विषमतेवर उभी आहे. फक्त तिथली संख्या चार अंकी नसते. नेहमीच्या वापरातल्या 2048 बिटांच्या किल्लीत ती 617 अंकी असते, आणि तिचे दोन अवयव प्रत्येकी तीनशेच्या वर अंकांचे.

आता मालिकेचं म्हणणं मान्य करू. समज, मूळ संख्यांचा आकृतिबंध सापडला. कितव्या क्रमांकाची मूळ संख्या कोणती, हे सांगणारं सूत्र हाती आलं. तशी सूत्रं आहेतही बरं का, विलन्सने 1964 मध्येच एक दिलं. हिशेबाला ते इतकं अवजड आहे की त्याचा उपयोग शून्य, ते सोड. आपण चपळ सूत्र धरू. पुढे काय? तीनशेच्या वर अंकांच्या मूळ संख्या किती, तर एकावर तीनशे शून्यं दिली तरी पुरणार नाहीत इतक्या. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तर एकावर ऐंशीच्या आसपास शून्यं होतात. यादी मिळाली म्हणून यादीतले नेमके दोन कोणते ते कसं कळणार? टेलिफोन डिरेक्टरी हाती आली म्हणजे रात्री निनावी फोन करणारा सापडला, असं होत नाही ना. अवयव पाडायची जलद युक्ती हवी, आणि तो प्रश्नच वेगळा.

याचा पुरावाही आहे. ऑगस्ट 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवता येतं. कयाल आणि सक्सेना यांनी तर नुकतीच पदवी घेतली होती. मूळ संख्यांविषयीचा केवढा जुना प्रश्न सुटला! गणिताच्या जगात दिवाळी झाली, पण एकही कुलूप उघडलं नाही. संख्या मूळ नाही हे कळणं आणि तिचे अवयव हाती येणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. उलट 1994 मध्ये पीटर शोरने अवयव पाडायची खरी जलद रीत काढली, पण तिला पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर, म्हणजे अणुरेणूंच्या अजब नियमांवर चालणारा कॉम्प्युटर, लागतो. आणि आरएसए मोडली तरी भाच्याचा मुद्दा उरतोच. प्रत्यक्ष मजकूर झाकायला सर्रास वापरतात ती एईएस पद्धत मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यावर मुळी अवलंबूनच नाही. तेव्हा "जगातला प्रत्येक कॉम्प्युटर" हे बाद.

आता हेरांकडे वळू. इथे मात्र मी लेखकाच्या बाजूने आहे.

क्लिफर्ड कॉक्स नावाच्या तरुण गणितज्ञाने ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत 1973 साली, म्हणजे त्या तिघांच्या चार वर्षं आधी, आरएसएचीच कल्पना शोधली होती. तिथे रुजू होऊन त्याला फार दिवसही झाले नव्हते. ते तसंच बासनात बांधून ठेवलं गेलं आणि जगाला कळलं 1997 मध्ये. चोवीस वर्षं हा माणूस गप्प, आणि त्यातली वीस दुसऱ्यांच्या नावाने गाजणारा आपला शोध बघत! मालिकेत हा प्रसंग असता तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

1977 ची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेला, आयईईईला, मेयर नावाच्या गृहस्थाचं पत्र आलं की संकेतशास्त्राचे, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याच्या शास्त्राचे, निबंध असे उघड छापाल तर शस्त्रनिर्यातीच्या कायद्यात अडकाल. पत्रलेखक एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा नोकर आहे, हे पत्रात नव्हतं, मागाहून बाहेर आलं. (मालिकेतली टेला सँडर्स गणितज्ञांवर नजर ठेवते ती याच संस्थेसाठी.) त्या ऑक्टोबरात स्टॅनफर्ड विद्यापीठातले संकेतशास्त्राचे प्राध्यापक मार्टिन हेलमन यांचे दोन विद्यार्थी अमेरिकेतल्याच इथाका गावी परिषदेत निबंध वाचणार होते. विद्यापीठाच्या वकिलांनी सांगितलं, प्राध्यापकावर खटला झाला तर आम्ही लढू, विद्यार्थ्यांनी मात्र धोका पत्करू नये. मग व्यासपीठावर तिघेही गेले. हेलमनने निबंध वाचला आणि दोघं विद्यार्थी शेजारी नुसते उभे राहिले, तोंडातून अवाक्षर न काढता. तू नाटकात कामं केलीस, तुला सांगायला नको की बंदुकीच्या शंभर फैरींपेक्षा तो प्रसंग किती भारी आहे. निबंध अर्थातच मूळ संख्यांचं अंतिम रहस्य वगैरे सांगणारा नव्हता.

अलीकडचं हवं असेल तर तेही आहे. यादृच्छिक, म्हणजे कुणाला आधी अंदाज येणार नाही अशा, संख्या तयार करायची एक पद्धत होती, ड्युअल ईसी. गुप्त किल्ल्या अशाच संख्यांतून बनतात. अमेरिकेच्या मानकसंस्थेने ती 2006 मध्ये अधिकृत ठरवली. पुढच्याच वर्षी दोन संशोधकांनी एका परिषदेत दाखवून दिलं की तिच्यातले दोन ठरावीक बिंदू ज्याने निवडले त्याला आतलं नातं ठाऊक असेल, तर तो पुढच्या संख्या आधीच ओळखू शकेल. म्हणजे घर बांधणाऱ्याने जादा किल्ली खिशात ठेवण्याची सोय. पद्धत तरी चालूच राहिली. 2013 मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या स्नोडेनने फोडलेले गुप्त कागद बाहेर आले, संशय एनएसएवर पक्का झाला, आणि 2014 मध्ये ती मानकातून काढली. कुणाचा खून नाही, पाठलाग नाही. तिथे प्रकरण समितीच्या बैठका, मसुदे आणि परिशिष्टं यांतून चाललं. कदाचित म्हणूनच त्यावर आठ भाग निघत नाहीत. परिशिष्ट कोण बघणार?

एडवर्डच्या तुसडेपणाबद्दल तू म्हणतेस ते पटलं. गणितज्ञ म्हणजे एकलकोंडा आणि उद्धट, हा साचा झिजून गुळगुळीत झालाय. एकटे काम करणारे असतात. यितांग झँग तसाच. वय पन्नाशीच्या पुढे, न्यू हॅम्पशायरच्या विद्यापीठात शिकवायचा, फार कुणाला नाव माहीत नाही. 2013 मध्ये त्याने सिद्ध केलं की 7 कोटींहून कमी अंतर असलेल्या लागोपाठच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. मला ओढ आहे ती पुढच्या वर्षाची. देशोदेशीचे गणितज्ञ उघडपणे एकत्र आले, एकमेकांच्या चुका काढत, रोज थोडं खाली खेचत, आणि 2014 मध्ये ते अंतर 7 कोटींवरून 246 वर आणून ठेवलं. मालिकेत शोध म्हणजे एकाच्या डोक्यातली ठिणगी, आणि ते डोकं फुटलं की शोध संपला. खऱ्या जगात झँगला कुणी पळवून नेलं असतं तरी निबंध शेकडो लोकांनी वाचलेला होता. शत्रू आला असता तर कुणाकुणाला मारत बसला असता?

मालिकेतल्या बगदादच्या धाग्यावर मात्र मी खट्टू आहे. स्फोटानंतर जमिनीखाली जुनं दालन सापडतं, ही कल्पना किती सुरेख. नवव्या शतकात तिथल्या ज्ञानगृहाशी, म्हणजे पंडितांच्या संस्थेशी, गणितज्ञ अल-ख्वारिझ्मीचं नाव जोडलेलं, त्याने भारतीय अंकांवर लिहिलं आणि पुढे त्या लिखाणाच्या लॅटिन भाषांतरांतून ते युरोपात गेले. एवढा ऐवज हाताशी असताना मालिकेने त्याचं काय केलं, तर गूढ भिंती आणि टॉर्चचा उजेड. तिथल्या पंडितांना ताळा, वारसाहक्काच्या वाटण्या, ग्रहांची गणितं यांत रस होता. त्यातलं एखादं कोडं दाखवलं असतं तर माझ्या सहकारी बाईसुद्धा चित्र थांबवून खूश झाल्या असत्या.

उरलेले सहा भाग बघायचे की नाही ते तू ठरव. मी बघ म्हणेन, पण भाच्यासारख्या कुणाला शेजारी बसवून, भांडायला. आणि पुढच्या पत्रात तुझ्या नव्या तालमींचं लिही, मागच्या वेळी त्या विषयाला साफ बगल दिलीस.

तुझी,
मेधा