गाळपाआधी ट्रॅक्टरचा धूर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की माजलगाव-गेवराई पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर काळा धूर ओकत चढ चढतात. ‘जड ओढाईला धूर यायचाच’ म्हणून मालक मोकळे होतात. पण काळा धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेलं आणि अर्धवट जळालेलं डिझेल.

बहुतेक वेळा दोष एअर क्लीनरमध्ये, म्हणजे इंजिनाची हवा गाळणाऱ्या भागात निघतो. पाणंदीची धूळ खाऊन ऑइल-बाथच्या (तेलात धूळ पकडणाऱ्या क्लीनरच्या) वाटीत चिखल होतो आणि इंजिनाला हवा पुरत नाही. वाटी रोज उघडून पाहावी. तळाला सेंटीमीटरभर गाळ बसला की तेल बदलावं, तेही खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. जाळी डिझेलमध्ये धुऊन नीट निथळू द्यावी. कोरडा फिल्टर असेल तर कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. अनेकजण तो टायरवर आपटतात. कागद फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरच्या लायनर-रिंगा खाते.

क्लीनर स्वच्छ असूनही धूर राहिला तर नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) टेस्टरवर लावा. फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे, टोकाला थेंब लोंबता कामा नये. हंगामाआधी ‘पंप वाढवून’, म्हणजे पंपातून डिझेल जास्त सोडून घेण्याची खोड मात्र सोडावी. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग ओढ थोडी वाढते, बाकीचं सायलेन्सरमधून जातं. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) काढून फेकणंही तसंच. तापण्याचं कारण बहुधा रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचट असतं. थर्मोस्टॅटविना इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

ट्रॉलीकडे तर कुणी बघतच नाही. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावं. जड फिरलं तर बेअरिंग कोरडी आहे किंवा ब्रेक चिकटलाय. टायरची हवा भरलेल्या ट्रॉलीवर, गेज लावूनच पाहावी.

आता कारखान्यांबद्दल. वजनकाट्याच्या रांगेत इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला साधारण लिटरभर डिझेल जातं, आणि एका लिटरमागे सुमारे 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. टोकनचा नंबर मोबाइलवर कळवला तर रांग कमी होईल. पण निम्मे चालक इंजिन बंद करत नाहीत ते सेल्फ (स्टार्टर) पुन्हा उचलत नाही म्हणून. तेव्हा कारखान्यांनी वाहतुकीचा करार करतानाच बॅटरी, नोझल आणि क्लीनर तपासून घ्यावेत. यार्डात एक नोझल टेस्टर, गेजसह कॉम्प्रेसर आणि एक जाणता फिटर एवढ्यावर हे काम भागतं.

— ट्रॅक्टर दुरुस्ती करणारे काही फिटर, माजलगाव (जि. बीड)